गाठ लाकडाशी आहे

जळाऊ लाकडाच्या वखारीत चिंचेचा तो ओंडका कोपऱ्यात लोळत पडला होता. रस्ता रुंद करताना पाडलेल्या झाडाचा बुंधा, आणि त्याच्या एका अंगाला घमेल्याएवढी गाठ फुगून आलेली. बाकीच्या खोडाच्या केव्हाच ढलप्या झाल्या होत्या. हा तुकडा कुऱ्हाडीला दाद देईना, म्हणून राहिला होता. मी भाव विचारला तेव्हा वखारवाल्याने आधी ओंडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ह्याची फळी निघत नाही ओ. जळणाला पायजे तर फोडलेलं घ्या की.” मी म्हटलं, जेवणाचं टेबल करायचंय. तो हसला नाही. जळणाच्याच भावाने त्याने वजन केलं आणि टेम्पोत चढवायला दोन माणसं दिली.

त्या ओंडक्याचं टेबल आज घरात आहे आणि आम्ही सहाजण त्यावर जेवतो. मधल्या काळात मी एक ओतकाम जाळलं, दोन फळ्या फाडल्या आणि बऱ्याच गोष्टी उशिरा शिकलो. गाठीचं लाकूड आणि इपॉक्सी रेझिन यांचं टेबल कसं करावं हे सांगणारं साहित्य भरपूर आहे, पण त्यातलं बहुतेक थंड हवेच्या देशांत, वीस-बावीस अंशांच्या कार्यशाळेत बसून लिहिलेलं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. तिथली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. हे पुस्तक लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू, कारण मराठीत हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. फांदी जिथून फुटली तिथे फळीत जो गोल डोळा दिसतो, तीही गाठ. तिची इथे चर्चा नाही. आपल्याला हवी ती गाठ खोडावर आवाळूसारखी बाहेर येते. झाडाला जखम झाली, बुरशी किंवा कीड लागली, कशाचा तरी ताण आला, की कधी कधी सालीखालच्या सुप्त कळ्या एका जागी दाटीने फुटू पाहतात. त्या धड फांदीही होत नाहीत आणि थांबतही नाहीत. त्यांच्याभोवती लाकूड वाढत राहतं ते वाट सापडेल तसं. सरळ खोडात तंतू खालून वर जातात, गाठीत ते भोवऱ्यासारखे फिरतात. म्हणूनच वखारवाला म्हणतो की फळी निघत नाही. करवत मध्येच तापते. रंधा मारायला जावं तर एका जागी लोण्यासारखा चालतो आणि बोटभर पुढे लाकूड उचकटून टाकतो.

पण हीच गाठ आडवी चिरून, घासून, ओल्या फडक्याने पुसली की आत बारीक डोळ्यांचे पुंजके, ढगांसारख्या लाटा आणि तांबूस-जांभळ्या शिरा दिसतात. सुतारकामाच्या हिशेबात जो दोष, तोच टेबलाच्या पृष्ठभागावर सगळ्यांत मोलाचा भाग ठरतो. युरोपात शेकडो वर्षं अशा गाठींचे पातळ पापुद्रे काढून राजवाड्यांतल्या कपाटांवर चिकटवले गेले. आपल्याकडे त्या बहुतेक चुलीत गेल्या.

सोलापूर हा सागाचा मुलूख नव्हे. इथलं लाकूड म्हणजे बाभूळ, कडुनिंब आणि चिंच. बैलगाडीची चाकं आणि शेतातली औतं बाभळीची, खाटकाच्या दुकानातला ओंडका चिंचेचा, आणि किडीला दाद न देणारा म्हणून कडुनिंब घरातल्या पेटाऱ्यांना. तिन्ही झाडं कमी पाण्यावर वाढतात आणि तिन्हींना म्हातारपणी गाठी येतात. चिंचेचा गाभा गडद जांभळट-तपकिरी असतो आणि बाहेरचं लाकूड फिकट पिवळं. गाठीत हे दोन रंग एकमेकांत घुसतात. त्यासाठी परदेशी अक्रोड मागवायची गरज नाही. आपल्या रस्त्याकडेला जे उभं होतं तेच पुरेसं आहे.

आता रेझिनकडे, म्हणजे राळेकडे. इपॉक्सी म्हटलं की अगदी आजचं, रासायनिक आणि आपल्याशी संबंध नसलेलं काही वाटतं. पण लाकडाच्या किंवा दगडाच्या फटीत चिकट राळ भरून ती दगडासारखी घट्ट होऊ द्यायची, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळं, सावरीची फुलं असं बरंच काही पाण्यात उकळायचं, आठवा हिस्सा उरला की त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल मिसळायचं आणि लेप गरम असतानाच मंदिराला, मूर्तीला, भिंतीला लावायचा. सोलापूर जिल्ह्याला हा शब्द पोथीतून शिकावा लागला नाही. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज थांबवायला पुरातत्त्व खात्याने रासायनिक लेपन केलं, ते २०२० सालीही झालं, आणि त्या प्रत्येक वेळी ‘वज्रलेप’ हा शब्द घराघरांत बोलला गेला.

आजच्या इपॉक्सीचा जन्म मात्र दातांच्या कवळ्यांसाठी झाला. पिएर कास्टां हे स्विस रसायनतज्ज्ञ १९३०च्या दशकात कवळीसाठी न आकसणारा पदार्थ शोधत होते. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंग-रोगणासाठी त्याच वाटेने चालले होते. कास्टां यांचं पेटंट सिबा कंपनीने घेतलं आणि १९४६ साली ‘अरल्डाइट’ बाजारात आलं. आपल्या हत्यारांच्या डब्यात ज्या दोन नळ्या असतात त्या हीच. एका नळीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही मिसळले की रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पदार्थ घट्ट होतो. पुन्हा तो पातळ होत नाही. टेबलासाठी लागणारी राळ याच कुळातली, फक्त ती पाण्यासारखी पारदर्शक आणि सावकाश घट्ट होणारी असते.

या टेबलाच्या घडणीमागे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे अमेरिकन वास्तुरचनाकार १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या इमारतीच्या कामावर होते. महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. अशाच एका छावणीत नाकाशिमांना गेंतारो हिकोगावा नावाचा सुतार भेटला आणि त्याच्याकडून ते जपानी सुतारकाम शिकले. पुढे त्यांनी झाडाची मूळ कड न कापता ठेवलेली टेबलं केली, आणि चिरेवर फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवून ती चीर दिसती ठेवली. १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही ते येऊन गेले. नाकाशिमांनी राळ ओतली नाही. पण लाकडाचा दोष झाकायचा नाही, त्याला मान द्यायचा, हा विचार त्यांचा, आणि तो नसेल तर या टेबलात उरतं ते नुसतं प्लास्टिक.

‘नदी टेबल’ हे त्यानंतरचं प्रकरण. अमेरिकेतल्या ग्रेग क्लासेन यांनी दोन फळ्यांच्या वेड्यावाकड्या कडा समोरासमोर ठेवून मध्ये निळी काच बसवली, आणि २०१४च्या सुमारास त्यांची छायाचित्रं जगभर फिरली. काचेच्या जागी राळ आली आणि मग निळ्या नद्यांचा पूर आला. आमच्याकडेही मागणी येते ती निळ्या नदीचीच. उजनी धरणातून पाणी सोडलं तरच भीमा भरलेली दिसते अशा जिल्ह्यात बाराही महिने निळीशार वाहणारी नदी टेबलातच पाहायला मिळणार, हे मला समजतं. तरीही माझं मत सांगतो. गाठीच्या लाकडाला रंग नको. राळ पारदर्शक ठेवा, फार तर धुरकट. गाठीत आधीच इतकं चाललेलं असतं की शेजारी निळा रंग ओरडू लागला तर लाकडाचं काही ऐकू येत नाही.

आता माझी फजिती. पहिलं ओतकाम मी एप्रिलमधल्या एका दुपारी केलं, कारण त्या दिवशी सुट्टी होती. फट साडेचार सेंटीमीटर खोल. माझ्याजवळची राळ पातळ थराची, म्हणजे एका वेळी काही मिलिमीटर ओतायची. डब्यावर ते छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. पाच लिटर एकदमच बादलीत कालवलं. राळ घट्ट होताना स्वतःच तापते, आणि जितकी जास्त एका जागी तितकी जास्त तापते. हवेचं तापमान दहा अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुपटीने वेगात चालते. म्हणजे जी राळ पंचवीस अंशांना चाळीस मिनिटं हाताळता येते, ती पस्तिसाला वीस मिनिटं आणि पंचेचाळिसाला दहाच. अर्धी ओतून झाली होती, तेवढ्यात बादलीतून धूर यायला लागला. बादलीचं बूड मऊ होऊन खाली बसलं. साच्यातली राळ पिवळी पडली आणि संध्याकाळपर्यंत तिला आरपार तडे गेले. दुसऱ्या दिवशी शेजारचे सुतारमामा बघायला आले, साच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “लाकूड चांगलं हाय बघा. घाई तेवढी वाईट झाली.”

त्या तड्यांत मला एक गोष्ट कळली, आणि हे सगळं पुस्तक त्या गोष्टीभोवती आहे. राळ काही लपवत नाही. आपण जे कच्चं सोडलं ते ती काचेत घालून कायमचं मांडून ठेवते. लाकूड ओलं राहिलं तर राळ धुरकट होते किंवा काही महिन्यांनी कडेपासून सुटते. सालीचा तुकडा सैल राहिला तर तो आत तरंगताना दिसतो. मिसळताना बादलीच्या कडेचं खरवडून घेतलं नाही तर तेवढीच जागा आयुष्यभर चिकट राहते. फसलेल्या टेबलांपैकी बहुतेक राळ ओतण्याच्या किती तरी आधी फसलेली असतात. आपली गाठ राळेशी नाही, लाकडाशी आहे.

म्हणून या पुस्तकाचा पहिला आणि सगळ्यांत मोठा भाग वाळवण्याचा आहे. हवेवर वाळवायचं तर लाकडाच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष लागतं. टेबलासाठी ओलावा आठ ते दहा टक्क्यांपर्यंत उतरला पाहिजे. सोलापूरची कोरडी हवा इथे आपल्या बाजूने आहे, पण तिच्यावर विसंबायचं नाही. उन्हाळ्यातला वारा फळीच्या दोन्ही तोंडांतून पाणी इतक्या झपाट्याने ओढतो की मधलं लाकूड ओलंच असताना टोकं फाटतात. जुने लोक ओंडक्याच्या तोंडाला शेण लिंपायचे आणि बाभळीचं लाकूड पाण्यात बुडवून ठेवायचे, ते याचसाठी. आपण मेण किंवा जाड रंग लावू, पण तत्त्व तेच. गाठीत तंतू सगळ्या दिशांनी असल्याने ती सगळ्या दिशांनी आकसते. तिला सावलीत, वाऱ्याच्या आड आणि दोन फळ्यांमध्ये काठ्या घालून ठेवावं लागतं.

याबाबतीत आपल्या शेजारचं एक उदाहरण मी नेहमी देतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी सुरू केलेली ही परंपरा. त्या तंबोऱ्याचा भोपळा आमच्या पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून जातो. भोपळा आणि लाकूड या दोन वेगळ्या जातींच्या वस्तू एका सांध्यात आणायच्या, तर दोन्ही आधी पूर्ण वाळलेल्या हव्यात. मिरजेचा कारागीर भोपळ्याला महिनोन्महिने हात लावत नाही. लाकूड आणि राळ यांचा सांधाही तसाच असतो, आणि लाकूड पुढेही दर पावसाळ्यात थोडं फुगणार आणि उन्हाळ्यात थोडं आकसणार, हे धरूनच तो करायचा असतो. म्हणून टेबलाखालची लोखंडी पट्टी गोल नव्हे, लांबट भोकांत बसवायची.

दुसरा भाग ओतण्याचा, आणि तो आपल्या ऋतूंप्रमाणे लिहिला आहे. सोलापुरात राळ ओतायची ती डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आगेमागे. पावसाळ्यात दमट हवेमुळे काही राळींवर तेलकट पापुद्रा धरतो आणि पुढचा थर चिकटत नाही. उन्हाळ्याचं काय होतं ते सांगून झालं. दिवसातली वेळही ठरलेली आहे. ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि राळेत बुडबुडे सोडते, संध्याकाळी निवताना तेच लाकूड हवा आत ओढतं. म्हणून गाठीची छिद्रं बुजवणारा पहिला पातळ हात दिवेलागणीनंतर द्यायचा. तो नीट बसला तर गॅसच्या ज्योतीने बुडबुडे फोडत बसायची वेळ फारशी येत नाही.

तिसरा भाग मापांचा. सहा माणसांचं टेबल म्हणजे १८० सेंटीमीटर लांब, ९० रुंद, ७५ उंच. माणशी ६० सेंटीमीटर. चार सेंटीमीटर जाडीचा माथा धरला आणि त्यातला एक तृतीयांश राळ असेल तर जवळपास २२ लिटर राळ लागते. तिचंच वजन २४ किलो. लाकूड धरून माथा ६० किलोच्या घरात जातो. पाय त्या हिशेबाने करा. आणि ज्याच्या घरी टेबल जायचं त्याचा जिना आधी मोजून या.

जेवणाच्या टेबलाचं एक वेगळं दुखणं आहे, ते शोभेच्या टेबलाला नसतं. आमच्याकडे टेबल आल्यावर तिसऱ्याच दिवशी आईने चुलीवरून उतरवलेली पिठल्याची कढई थेट त्यावर ठेवली. उचलली तेव्हा राळेवर गोल ठसा उमटला होता. पारदर्शक ओतकामाच्या बऱ्याच राळी पन्नास-साठ अंशांनाच मऊ पडू लागतात. ठसा बघून आई एवढंच म्हणाली, “मग पाट काय वाईट होता?” उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ज्या घरात तव्यावरची भाकरी ताटात येते आणि आमटीचं पातेलं पंगतीच्या मधोमध बसतं, तिथे राळ काठाने आणि लाकूड मध्यभागी असा आराखडा करावा, हे मी त्या कढईकडून शिकलो. पुस्तकातले सगळे आराखडे तसेच आहेत.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगायच्या आहेत. पहिली आपल्या अंगाची. कच्ची राळ उघड्या हाताला लागू देऊ नका. एकदा तिची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. नायट्रिलचे हातमोजे, वाफ गाळणारा मास्क आणि घासताना निघणाऱ्या धुळीपासून बचाव, यांत काटकसर नको.

दुसरी झाडाच्या अंगाची. कॅलिफोर्नियाच्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात गाठींची चोरी इतकी वाढली की २०१४ साली एक रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. चोर उभ्या झाडांच्या बुंध्यातून करवतीने गाठ कापून नेत होते. गाठ कापली की झाडाला मोठी उघडी जखम होते आणि त्यातून ते कुजतं. आपल्याकडे वृक्षतोडीला १९६४चा कायदा आहे आणि शहरी भागात १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. गाठी बहुतेक अशाच म्हाताऱ्या झाडांवर असतात. उभ्या झाडाची गाठ कुणी विकायला आणली तर ती घेऊ नका. वादळात पडलेलं, परवानगीने पाडलेलं, वखारीत पावतीवर मिळणारं लाकूड भरपूर आहे.

हे पुस्तक कुणासाठी? ज्याच्याकडे शनिवार-रविवार मोकळे आहेत आणि एक पत्र्याची शेड आहे त्याच्यासाठी, आणि ज्या सुताराकडे गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो घेऊन येतं त्याच्यासाठीही. पहिल्याने सगळं क्रमाने वाचावं. सुताराला वाळवण्याचा भाग मी काय शिकवणार. त्याने राळेचा भाग वाचावा आणि माझं लाकडाबद्दलचं काही चुकलं असेल तर सांगावं.

आणि एक विनंती. वखारीत अशी गाठ दिसली तर जळणाच्या भावाने घेऊन या. त्याच दिवशी चिरून दोन इंच जाडीच्या फळ्या काढा, तोंडांना मेण लावा, खडूने तारीख लिहा आणि सावलीत रचून ठेवा. मग हे पुस्तक मिटून टाका. येता हिवाळा जाऊ द्या. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ओलावा मोजा, आणि तो दहाच्या खाली असेल तरच दुसरा भाग उघडा.